दम लागतो म्हणजे नेमकं काय लागतं?

चढावर धावायचे दिवस असतात ना, इंटरव्हलवाले, म्हणजे दोन मिनिटं जीव तोडून वर धावायचं, चालत खाली यायचं, परत वर, असं सहा वेळा, त्या दिवसांसाठी माझं एक ठरलेलं मोजमाप होतं. घड्याळबिड्याळ नाही. वर पोचून वळलं की सोबतची मैत्रीण हमखास काहीतरी विचारायची आणि मला तिला पूर्ण वाक्यात उत्तर देता यायचं ते थेट खालच्या गेटापाशी आल्यावर. तोपर्यंत नुसती मान हलवायची, हात दाखवायचा, फार तर "थांब" एवढंच. वर्षभरात पाय सुधारले, वजन थोडं उतरलं, सपाट रस्त्यावरचा १० किलोमीटरचा टायमिंग पण बरा झाला, पण गेट काही हललं नाही.

मी आपलं धरून चालले होते की माझी फुफ्फुसं कमजोर आहेत. स्टॅमिना कमी. सगळे असंच म्हणतात, नाही का, "तुझी लंग कपॅसिटी वाढव". ही मैत्रीण पूर्वी स्पर्धेत पोहायची, तिने एकदा वैतागून विचारलं, "अगं, तू श्वासाच्या स्नायूंचा वेगळा व्यायाम कधी केलायस का?" मी म्हटलं रोज धावते म्हणजे रोज धापा टाकतेच की, अजून कसला व्यायाम. त्यावर तिने दुसऱ्या दिवशी एक प्लास्टिकचं डबडं आणून हातात ठेवलं, वर तोंडात धरायची नळी, खाली फिरवायचा नॉब, आत स्प्रिंग. या गोष्टीला तीन महिने झाले. मधल्या काळात मी ते डबडं वापरलं, त्यावर जे काही सापडेल ते वाचलं, त्यातलं बरंचसं माझ्या समजुतीच्या उलट निघालं, म्हणून हे सगळं लिहून काढतेय.

पहिली समजूत गेली ती फुफ्फुसांची. फुफ्फुसाला स्वतःचा स्नायू नसतो, ती नुसती स्पंजासारखी पिशवी. हवा आत खेचायचं काम दुसरेच करतात, मुख्य म्हणजे डायफ्राम, आपल्याकडे शाळेत श्वासपटल शिकवलेलं ते, छाती आणि पोटाच्या मधला घुमटासारखा पातळ पडदा. तो आकसला की घुमट खाली दबून सपाट होतो, छातीतली जागा वाढते आणि हवा आपोआप आत येते. लोहाराचा भाता डोळ्यासमोर आणा, भात्याचं चामडं म्हणजे फुफ्फुस आणि तो ओढणारा हात म्हणजे डायफ्राम. बरगड्यांच्या मधले स्नायू मदतीला असतात आणि अगदीच ओढाताण झाली की मानेचे पण येतात, शर्यतीच्या शेवटी लोकांच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या दिसतात ना, तेच. बसल्याबसल्या श्वास सोडायला तर काहीच करावं लागत नाही, ताणलेलं रबर सोडल्यासारखं ते आपसूक होतं. धावताना मात्र सोडायलाही पोटाचे स्नायू लावावे लागतात.

आता आकडे बघा. शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण ६ लिटर हवा आतबाहेर करतो, १२ ते १५ श्वास, प्रत्येकी अर्धा लिटर. तोच माणूस जोरात धावायला लागला की १०० लिटरच्या वर जातो, आणि वल्हवणारे तगडे खेळाडू तर २०० पण पार करतात. पंधरावीस पट हवा, आणि सगळं स्नायूंच्या जोरावर. स्नायू म्हटलं की त्याला रक्त लागणार, ऑक्सिजन लागणार, तो थकणार. इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात कधी आलीच नव्हती, कारण श्वास आपोआप चालतो, जे आपोआप चालतं ते थकतं असं आपल्याला वाटतच नाही.

पण थकतं. १९९३ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जेरोम डेम्प्सी यांच्या लॅबने हे नीट मोजून दाखवलं. लोकांना आपल्या कमाल क्षमतेच्या ८५ टक्क्यांच्या वर, अगदी दमून थांबेपर्यंत व्यायाम करायला लावला, आणि आधी व नंतर मानेतून डायफ्रामकडे जाणाऱ्या नसेला बाहेरून झटका देऊन डायफ्राम किती जोर लावतो ते बघितलं. झटका बाहेरून का, तर माणसाची इच्छा, कंटाळा, "मला जमत नाहीये" हे सगळं मधून काढून टाकायला. व्यायामानंतर जोर चांगलाच घटलेला निघाला आणि तो भरून यायला तासाभराच्या वर लागला. त्याच्याही आधी, १९८२ मध्ये, मॅरेथॉन धावलेल्यांच्या श्वासाच्या स्नायूंची ताकद शर्यतीनंतर कमी झालेली एका अभ्यासात दिसली होती. आणि माझ्या मैत्रिणीला यात काही नवल नव्हतं, कारण पोहणाऱ्यांचं तर याहून वाईट, चहूबाजूंनी पाणी छाती दाबत असतं, श्वास घ्यायचा तो पण स्ट्रोकच्या मधल्या एका झटक्यात. जवळजवळ शर्यतीच्या वेगाने फक्त २०० मीटर क्रॉल पोहल्यावर श्वास ओढायची ताकद सुमारे २९ टक्के उतरलेली मोजलीय. २०० मीटर! तीनेक मिनिटांचा सुद्धा खेळ नाही तो.

बरं, थकला डायफ्राम, तर थकू दे ना, श्वास थोडा कमी येईल, एवढंच. असं मला वाटलं होतं. खरी गंमत इथून पुढे आहे, आणि मला विचाराल तर या सगळ्या विषयातली हीच एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

हृदय मिनिटाला जेवढं रक्त फेकतं तेवढंच असतं, त्याला वरची मर्यादा आहे. जोरात धावताना पाय म्हणतात मला द्या, श्वासाचे स्नायू म्हणतात मला द्या. १९९७ साली त्याच लॅबमधल्या क्रेग हार्म्स आणि मंडळींनी सरावातल्या सायकलपटूंना पूर्ण जोर लावून सायकल मारायला लावली आणि श्वासाशी खेळ केला. कधी एका मशीनने हवा आत ढकलून श्वास सोपा करून दिला, कधी नळीत अडथळा घालून अवघड केला, आणि प्रत्येक वेळी पायाकडे किती रक्त जातंय ते मोजलं. नेहमीसारखा श्वास असताना शरीर वापरत असलेल्या एकूण ऑक्सिजनपैकी ८१ टक्के पायांकडे जात होता. श्वास सोपा केल्यावर ८९. श्वास अवघड केल्यावर ७१. पाय तेच, सायकल तीच, माणूस तोच. पुढच्या कामातून असंही दिसलं की पूर्ण जोराच्या व्यायामात हृदय जे रक्त फेकतं त्यातलं १४ ते १६ टक्के एकट्या श्वासाच्या स्नायूंना लागतं.

आणि ही वाटणी मुकाट्याने होत नाही. श्वासाचे स्नायू थकायला लागले, त्यांच्यात कचरा साठायला लागला की ते मेंदूकडे तक्रार पाठवतात आणि मेंदू पायाच्या रक्तवाहिन्या आवळायला सांगतो. याला मेटाबोरिफ्लेक्स म्हणतात. शरीराच्या बाजूने बघितलं तर बरोबरच आहे, पाय थांबले तर माणूस नुसता खाली बसेल, श्वास थांबला तर संपलंच, तेव्हा आधी कोणाचं पोट भरायचं याबद्दल शरीराच्या मनात काही शंका नाही. पण चढावर पाचव्या फेरीत मांड्या शिशाच्या झाल्या असं जे आपल्याला वाटतं त्यात थोडा हात छातीचा असतो. मी इतकी वर्षं पायांना शिव्या देत होते.

हे वाचल्यावर माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला की मग श्वास सोपा करणारं मशीन लावून धावलं तर? तेही करून झालंय. २००० साली त्याच लोकांनी कमाल क्षमतेच्या ९० टक्क्यांवर सायकल मारायला लावून माणूस किती वेळ टिकतो ते बघितलं, मशीनच्या मदतीने तो साधारण १४ टक्के जास्त टिकला आणि अडथळा घातल्यावर १५ टक्के कमी. मशीन पाठीवर घेऊन तर धावता येणार नाही. म्हणून मग उरतो दुसरा मार्ग, त्या स्नायूंनाच ताकदवान करा, म्हणजे तेच काम त्यांना हलकं वाटेल, तक्रार उशिरा जाईल, पायांचं रक्त जरा जास्त वेळ पायांकडे राहील.

तर ते डबडं. आत एक स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो, ठरावीक जोर लावून ओढल्याशिवाय तो उघडतच नाही, म्हणजे हवाच येत नाही. सोडताना काही अडथळा नाही. जोर मोजतात सेंटिमीटर पाण्यात, ऐकायला विचित्र वाटतं पण सोपं आहे, एक मीटर लांबीची उभी नळी घेऊन खालचं पाणी नुसत्या छातीच्या जोरावर वरच्या टोकापर्यंत ओढलं तर तुमची ताकद १०० सेंटिमीटर पाणी. धडधाकट पुरुषांची शंभराच्या आसपास किंवा थोडी वर असते, बायकांची त्याहून कमी. व्यायामासाठी लोड ठेवायचा या कमाल ताकदीच्या निम्मा, ३० श्वास, दिवसातून दोनदा, चार ते सहा आठवडे. बहुतेक अभ्यासांत हेच वापरलंय. ताकद मोजायची सोय नसेल तर अंदाज असा की विसाव्या श्वासापासून जड वाटायला लागलं पाहिजे आणि तिसावा कसाबसा निघाला पाहिजे, चाळीस निघत असतील तर नॉब फिरवा. जिमचाच नियम आहे हा, वजन उचलताना आपण जे करतो तेच. म्हणजे बघा, १९७६ मध्येच लीथ आणि ब्रॅडली या दोघांनी दाखवून दिलं होतं की श्वासाचे स्नायू बाकीच्या स्नायूंसारखेच वागतात, ताकदीचा व्यायाम दिला तर ताकद वाढते, दम टिकवायचा दिला तर टिकाव वाढतो.

माझा पहिला दिवस मात्र बघण्यासारखा होता. नाकाला चिमटा, तोंडात नळी, पहिला श्वास ओढला तर काहीच आलं नाही, घाबरून नळी बाहेर काढली. परत. मग सूं करून हवा आली, एवढा मोठा आवाज झाला की आतल्या खोलीतून आईने ओरडून विचारलं, "अगं काय फुटलं का?" दहाव्या श्वासाला डोकं गरगरायला लागलं. हे पहिल्या आठवड्यात बऱ्याच जणांना होतं, घाईघाईने श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि चक्कर येते, उपाय एवढाच की श्वास जोरात ओढायचा पण सोडायचा सावकाश, आणि दोन श्वासांच्या मध्ये जरा थांबायचं. वर लाळ गळते ती वेगळीच. सुंदर दिसण्याचा व्यायाम नव्हे हा.

एक चूक मी जवळजवळ दोन आठवडे करत होते ती सांगते. अर्धवट भरलेल्या छातीनेच पुढचा श्वास ओढायचे, वरच्यावर, छोटे छोटे. मैत्रिणीने बघितलं आणि म्हणाली आधी पूर्ण रिकामी हो. तळापर्यंत सोडायचं, पोट आत जाईपर्यंत, आणि तिथून एका झटक्यात ओढायचं, खांदे वर न चढवता. कारण डायफ्रामचा घुमट उंच असतो तेव्हाच त्याची ओढ सगळ्यात जास्त, छाती भरत जाते तसा तो सपाट होतो, आखूड होतो आणि जोर कमी पडतो. तळापासून पूर्ण लांबीचा श्वास ओढायला लागल्यावर माझा नॉब एकदम दोन खुणा मागे घ्यावा लागला, म्हणजे दोन आठवडे मी स्वतःलाच फसवत होते. बरगड्यांच्या खालच्या कडेला दुसऱ्या दिवशी चक्क दुखलं, तेव्हा कळलं की आता काहीतरी होतंय.

आता मुद्दा, फरक पडतो का. इथे उत्साहाच्या भरात काहीही लिहायचा मोह होतो, पण जे आहे ते असं. २००१ साली १४ महिला रोइंगपटूंवर ११ आठवड्यांचा अभ्यास झाला, निम्म्यांना खरा लोड, निम्म्यांना नावापुरता. खऱ्या लोडवाल्यांची श्वास ओढायची ताकद सुमारे ४५ टक्के वाढली आणि ५००० मीटरचा वेळ ३.१ टक्के कमी झाला, नावापुरत्या लोडवाल्यांचाही ०.९ टक्के झालाच. २००२ मध्ये सायकलवाल्यांवर सहा आठवडे, २० किलोमीटरला ३.८ आणि ४० किलोमीटरला ४.६ टक्के सुधारणा. ताकद ४५ टक्के आणि वेळ ३ टक्के, हे प्रमाण लक्षात घ्या, कारण जाहिरातीत पहिला आकडा मोठ्या अक्षरात असतो. अर्थात शर्यतीत ३ टक्के म्हणजे काही थोडेथोडके नाहीत, ५० मिनिटांच्या १० किलोमीटरमधले दीड मिनिट होतात, पण ते सगळ्यांना मिळतीलच असं नाही. अजून एक, या दोन्ही अभ्यासांत ॲलिसन मॅककॉनेल यांचा सहभाग होता, आणि पॉवरब्रीद हे असंच श्वासाच्या व्यायामाचं उपकरण मुळात त्यांनीच तयार केलेलं. याने अभ्यास खोटे ठरत नाहीत, पण मी जरा हातचं राखून वाचते.

आणि याच्या विरुद्धही आहे की. ज्या डेम्प्सींच्या लॅबने पायांच्या रक्ताचं सगळं शोधून काढलं त्याच लॅबने २००१ मध्ये सायकलपटूंना पाच आठवडे हा व्यायाम दिला, आणि दुसऱ्या गटाला विरळ हवेचं म्हणून एक खोटं मशीन दिलं ज्यातून साधी हवाच येत होती. ८ किलोमीटरच्या ट्रायलमध्ये दोन्ही गटांत म्हणावा असा फरक निघाला नाही. हा भाग मला फार आवडतो, स्वतःचीच कल्पना स्वतःच तपासायची आणि जे निघेल ते छापायचं.

मग खरं काय? २०१२ मध्ये इल्ली आणि सहकाऱ्यांनी असे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा एकूणात फायदा दिसला, पण तो कमी फिट असलेल्यांत जास्त आणि जितका व्यायाम लांब तितका जास्त. म्हणजे आधीच टोकाला पोचलेल्या खेळाडूपेक्षा माझ्यासारखीला जास्त मिळायची शक्यता. व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, या व्यायामाने साधारणपणे वाढत नाही. फुफ्फुसं पण मोठी होत नाहीत. हे वाचून मी थोडी खट्टू झाले होते, पण वरची रक्ताची गोष्ट कळल्यावर ते पटतं, टाकी तेवढीच आहे, गळती कमी झाली.

माझं स्वतःचं सांगायचं तर सहा आठवड्यांनी १० किलोमीटरचा वेळ सुधारला, पण त्या काळात मी नेहमीचं धावणं पण करत होते, हवा थंड झाली होती, आणि डबडं वापरतेय म्हणून मनात उभारी होती ती वेगळी, तेव्हा त्यातलं किती श्रेय कोणाचं ते मी सांगणार नाही. फरक जिथे नक्की जाणवला ती जागा वेगळी आहे, दोन फेऱ्यांच्या मधली.

रिकव्हरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर दुसऱ्या दिवशीचे दुखरे पाय येतात. त्यांच्यासाठी या व्यायामात काही नाही, मांडीचे तंतू दुखावलेत ते झोप आणि जेवणानेच भरणार, श्वासाने नाही. पण दोन स्प्रिंटच्या मधली रिकव्हरी ही वेगळी भानगड आहे. तिथे तुम्ही पायांनी थांबलेले असता तरी छाती थांबलेली नसते, साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला भाता जोरात चालूच असतो. म्हणजे पायांना सुट्टी मिळाली तेव्हा डायफ्रामची ओव्हरटाइम ड्युटी. हे स्नायू ताकदवान असतील तर तोच भाता कमी कष्टात चालतो. २००२ मध्ये २४ जणांवर नेमकं हेच तपासलं, पुन्हा पुन्हा स्प्रिंट मारायचे आणि मधला आराम किती घ्यायचा ते ज्याने त्याने ठरवायचं, "आता तयार" वाटलं की पुढचा. सहा आठवड्यांनंतर त्यांतल्या खरा व्यायाम केलेल्यांना मधला आराम एकूण ६.२ टक्के कमी लागला. फुटबॉल, हॉकी, बास्केटबॉल, बॅडमिंटनवाल्यांनी खरं तर हा आकडा बघावा, त्यांचा अख्खा खेळच धाव, थांब, परत धाव असा असतो.

लॅक्टेटचं, म्हणजे जोराच्या व्यायामात स्नायूंत तयार होणाऱ्या पदार्थाचं, पण काहीतरी आहे. पायांनी तयार केलेलं लॅक्टेट डायफ्राम इंधन म्हणून वापरू शकतो, त्यात सावकाश चालणारे, सहज न थकणारे तंतू निम्म्याहून जास्त असतात. जोराच्या व्यायामानंतर नुसतं बसून राहण्याऐवजी हलक्या लोडवर श्वास घेत बसलं तर रक्तातलं लॅक्टेट जास्त लवकर उतरतं असं २००८ च्या एका छोट्या अभ्यासात दिसलं. मी एकदोनदा करून बघितलं, धावून आल्यावर धापा टाकत असताना तोंडात परत अडथळ्याची नळी घालायची ही कल्पनाच मला सहन झाली नाही, सोडून दिलं. ज्यांना जमेल त्यांनी करावं.

वॉर्म-अपला मात्र मी आता सोडत नाही. आपण पायांचा वॉर्म-अप करतो, खांदे फिरवतो, आणि श्वासाच्या स्नायूंना थेट पहिल्या किलोमीटरला थंडगार अवस्थेत जुंपतो. व्यायामाच्या लोडपेक्षा थोड्या कमीवर, कमाल ताकदीच्या ४० टक्क्यांच्या आसपास, ३० श्वासांचे दोन सेट सुरुवातीच्या आधी, रोइंगवाल्यांत याचा फायदा मोजलेला आहे. माझी पहिल्या दहा मिनिटांतली ती छाती आवळल्यासारखी भावना बरीच कमी झाली. फक्त जास्त लोड लावू नका, मी एकदा लावला आणि आधीच दमून धावायला गेले.

हे लिहिणार म्हटल्यावर दोघातिघांनी विचारलं की त्या काळ्या मास्कचं काय, तोंडाला बांधून धावतात तो, उंच डोंगरावरच्या हवेसारखा इफेक्ट येतो म्हणे. नाही येत हो. उंचावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी येतो. मास्क फक्त वाट अरुंद करतो, आत येते ती इथलीच हवा. झालाच तर श्वासाच्या स्नायूंना थोडा व्यायाम होतो, पण धावता धावता, आणि मास्कमुळे धावण्याचा वेग मात्र कमी होतो, म्हणजे दोन्ही कामं अर्धवट. ऑपरेशननंतर देतात ते श्वास ओढून तीन छोटे चेंडू वर उचलायचं खेळणं, ते पण वेगळं, त्याचा हेतू फुफ्फुसाचे कोपरे उघडे ठेवणं हा, ताकद वाढवण्याएवढा लोड त्यात नसतो. आणि दीर्घश्वसन, संथ खोल श्वास, मन शांत करायला उत्तम, मी रोज रात्री करते, पण विना वजनाचे हात हलवून दंड कमावता येत नाही तसंच ते.

मध्येच एक आठवलं म्हणून सांगते, हे स्नायू न वापरल्यावर किती झपाट्याने उतरतात ते. व्हेंटिलेटरवर असलेल्या माणसाचं श्वास ओढायचं काम पूर्णपणे मशीन करत असेल तर १८ ते ६९ तासांत डायफ्रामच्या तंतूंच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ निम्म्याहून खाली आलेलं सापडलंय, २००८ मध्ये छापून आलं होतं. तीन दिवस सुद्धा नाहीत. वाचून अंगावर काटाच आला. जन्मापासून हा स्नायू एक दिवस सुट्टीवर गेलेला नसतो, बहुतेक म्हणूनच.

आईने मात्र यातली एकच गोष्ट उचलली. कोलोरॅडो विद्यापीठात २०२१ मध्ये ५० ते ७९ वयाच्या, वरचं बीपी जास्त असलेल्या लोकांना दिवसाला फक्त ३० श्वास, आठवड्यातून सहा दिवस, पण जड लोडवर, कमाल ताकदीच्या ७५ टक्के, असं सहा आठवडे दिलं तर वरचा आकडा सरासरी ९ ने उतरला. पाच मिनिटांचं काम. आईचं म्हणणं, "मग मला पण आण एक, तुझ्या लाळेचं नको." तिला म्हटलं आधी डॉक्टरांना विचार, गोळ्या चालू आहेत त्या चालूच ठेवायच्या. आणि हे सगळ्यांनाच सांगते, फुफ्फुसाभोवती हवा शिरून ते कधी मिटलं असेल, कानाचा पडदा नुकताच फाटला असेल, दमा नीट आटोक्यात नसेल, छातीचं किंवा पोटाचं ऑपरेशन जवळचं असेल तर या वाटेला विचारल्याशिवाय जाऊ नका, छातीत बराच मोठा दाब तयार होतो. सर्दीतही मी बंद ठेवते, कान दुखतात. आणि नळी धुवा, रोज, आत काय काय साठतं ते एकदा उघडून बघितलं की सांगावं लागणार नाही.

आता मी रोज करत नाही. ताकद एकदा आली की टिकवायला आठवड्यातून दोनतीन दिवस पुरतात, पूर्ण सोडलं तर काही आठवड्यांत ती हळूहळू उतरते, पायांसारखंच. मंगळवार, शुक्रवार, ३० श्वास, दात घासायच्या आधी.

परवा चढावर गेलो होतो. सहा फेऱ्या. पाय नेहमीसारखेच भरले, सहावी फेरी नेहमीसारखीच वाईट गेली, यात काही जादू झालेली नाही. वळून खाली निघाले, मैत्रिणीने काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं, तीही पुढे बोलत राहिली, आणि जरा वेळाने तिनेच थांबून मागे बघितलं. गेट अजून बरंच लांब होतं. आम्ही दुसऱ्या दिव्याच्या खांबापाशी उभ्या होतो.